सूत्र खरें, उत्तर खोटें

गणितांतील सूत्र खरें असलें म्हणजे त्यावरून काढलेलें उत्तरहि खरेंच असणार, अशी आपणां सर्वांची समजूत असते. कागदावर ही समजूत बरोबर आहे. यंत्रांत मात्र ती नेहमींच टिकते असें नाहीं. हिशेबाचें लहान यंत्र, कचेरींतला संगणक किंवा आतां प्रत्येकाच्या खिशांत असणारा मोबाइल, यांपैकीं कोणापाशींहि अंकांचा अमर्याद सांठा नसतो. सूत्र आणि उत्तर यांच्यामध्यें ही अंकांची टंचाई उभी असते. तिची दखल न घेतां केलेला हिशेब कधीं कधीं इतका चुकतो कीं ऐकणाऱ्यास तें खरें वाटूं नये. हें कसें घडतें, आणि जाणत्या लोकांनीं त्यावर कोणते उपाय योजले, हें आज एकाच उदाहरणावरून सांगावयाचें आहे. तें उदाहरण म्हणजे ‘ई’ या संख्येचे घात. नभोवाणीवर फळा नसतो; म्हणून आंकडे बेताचेच घेईन. पण जे घेईन ते कागद-पेन्सिल घेऊन कोणालाहि पडताळून पाहतां येतील असेच घेईन.

प्रथम ही ‘ई’ कोण तें पाहूं. तिचा जन्म सावकारीच्या हिशेबांत झाला असें म्हटलें तरी चालेल. समजा, कोणी एक रुपया दरसाल दरशेकडा १०० व्याजानें ठेवला. वर्षाअखेर त्याचे २ रुपये होतात. व्याजाची आकारणी सहामाही केली तर २ रुपये २५ पैसे होतात. दरमहा केली तर सुमारें २ रुपये ६१ पैसे. आणि दररोज केली तर २ रुपये ७१ पैसे. मग तासागणिक, क्षणागणिक आकारणी केली तर रक्कम कोठवर जाईल? १६८३ च्या सुमारास जेकब बर्नुली या स्विस गणितज्ञानें हाच प्रश्न विचारला. रक्कम वाढत राहते, पण एका मर्यादेपलीकडे जात नाहीं. ती मर्यादा म्हणजे २.७१८२८१८... ही संख्या. ऑयलरनें तिला ई हें अक्षर दिलें, आणि १७४८ सालच्या आपल्या ग्रंथांत तिची किंमत १८ दशांश स्थळांपर्यंत दिली.

ही संख्या केवळ सावकाराच्या वहींत राहिली नाहीं. जी वस्तु जितकी अधिक असेल तितक्या वेगानें वाढते किंवा घटते, त्या प्रत्येक वस्तूच्या हिशेबांत ईचा घात येतोच. चहाचा पेला निवत जातो, उंचीबरोबर हवेचा दाब कमी होतो, दुधांत जंतु वाढतात, रेडियमचे अणु फुटतात, हे सर्व त्याच नियमाचे आविष्कार होत. म्हणून वैज्ञानिक हिशेब करणाऱ्या प्रत्येक यंत्रांत ‘ईचा क्ष वा घात सांग’ या आज्ञेची सोय असते. आपण कळ दाबतों, उत्तर चमकतें, आणि तें कसें निघालें याचा आपण विचारहि करीत नाहीं.

पाठ्यपुस्तक याची जी कृति सांगतें ती मोठी सुंदर आहे. ईचा क्ष वा घात म्हणजे एक, अधिक क्ष, अधिक क्षचा वर्ग भागिले २, अधिक क्षचा घन भागिले ६, अधिक क्षचा चौथा घात भागिले २४, याप्रमाणें न संपणारी श्रेढी. प्रत्येक पद मागच्या पदावरून सहज मिळतें: त्यास क्षनें गुणावें आणि पदाच्या क्रमांकानें भागावें. क्ष कितीहि मोठा असो, भाजक शेवटीं त्याच्यावर मात करतो आणि पदें शून्याकडे जातात. क्षची किंमत १ घेऊन पहिलीं अकरा पदें मिळवलीं कीं २.७१८२८१८ हें उत्तर हातीं येतें. पुस्तक येथें थांबतें. आणि आपली गोष्ट येथूनच सुरू होते.

आतां एक लहानसें यंत्र कल्पूं. त्यांत कोणतीहि संख्या चारच सार्थ अंकांनीं मांडतां येते. पांचवा अंक आला कीं यंत्र चौथा अंक जवळांत जवळचा करून पुढचे सोडून देतें. मॅट्रिकच्या वर्गांत पूर्वीं वापरीत असत तीं चार अंकी लॉगरिथमचीं कोष्टकें ज्यांनीं हाताळलीं आहेत, त्यांस ही कल्पना नवी वाटणार नाहीं. या यंत्राला आपण ईचा ऋण ६ वा घात विचारूं. खरें उत्तर ०.००२४७९ आहे, हें अगोदरच सांगून ठेवतों.

श्रेढींतील पदें अशीं येतात: १, ६, १८, ३६, ५४, ६४.८०, पुन्हां ६४.८०, ५५.५४, ४१.६६, २७.७७, १६.६६, आणि मग तीं उतरत जातात. क्ष ऋण असल्यामुळें एक पद मिळवावयाचें, पुढचें वजा करावयाचें, असा क्रम लागतो. बेरीज झोपाळ्याप्रमाणें हेलकावे खाते: १, मग उणे ५, मग १३, मग उणे २३, मग ३१, मग उणे ३३.८०. हळूहळू झोका लहान होतो, आणि सव्वीस पदें झालीं कीं बेरीज हालेनाशी होते. यंत्र समाधानानें सांगतें, उत्तर ०.००६५२७. खऱ्या उत्तराच्या अडीच पटींहूनहि हें मोठें आहे! एकहि गुणाकार चुकला नाहीं, एकहि पद गळलें नाहीं, सूत्रांत तर तिळमात्र दोष नाहीं; आणि तरीहि चार अंकांपैकीं पहिलाच अंक चुकीचा.

हें झालें कसें? सातव्या घाताच्या पदाकडे पाहा. तें वस्तुतः ५५.५४२८५७ इतकें आहे. यंत्रानें ५५.५४ ठेवले आणि ०.००२८५७ एवढा तुकडा टाकून दिला. पंचावन्नांच्या मानानें हा तुकडा क्षुल्लक खरा. पण आपल्याला हवें असलेलें सगळें उत्तरच ०.००२४७९ आहे. म्हणजे जें केर म्हणून झाडून टाकलें, तें घरांतल्या सर्व संपत्तीहून मोठें होतें! धान्याची भरलेली गाडी काट्यावर चढवून वजन घ्यावें, मग गाडीवानाच्या बोटांतली अंगठी काढून पुन्हां वजन घ्यावें, आणि दोहोंच्या वजाबाकीवरून अंगठीचें सोनें ठरवावें, तसाच हा प्रकार आहे. गाडीचा काटा खोटा नसतो. पण अंगठीसाठीं तो काटा नव्हे. मोठमोठ्या संख्या एकमेकींस खाऊन टाकून जेव्हां लहानशी बाकी उरते, तेव्हां त्या बाकींत सोडलेल्या तुकड्यांवांचून दुसरें फारसें कांहीं राहत नाहीं. वजाबाकी ही चूक करीत नाहीं. अगोदर झालेली चूक ती उघडी पाडते.

आतां त्याच यंत्राला, त्याच चार अंकांत, दुसऱ्या वाटेनें नेऊं. ऋण ६ ऐवजीं धन ६ घ्यावा. पदें तींच, पण सर्व मिळवावयाचीं. कोणी कोणास खात नाहीं. बेरीज येते ४०३.४. आतां १ ला ४०३.४ नें भागावें. उत्तर ०.००२४७९. चारहि अंक बरोबर! यंत्र सुधारलें नाहीं, अंक वाढले नाहींत, सूत्र बदललें नाहीं; केवळ कामाचा क्रम बदलला.

कोणी म्हणेल, चार अंकांचें यंत्र कोण वापरतो? आजच्या संगणकांत बहुधा पंधरा ते सोळा सार्थ अंक असतात. त्याविषयींचें सर्वमान्य प्रमाण १९८५ सालीं ठरलें. पण अंक वाढवल्यानें हा रोग बरा होत नाहीं, तो थोडा पुढें ढकलला जातो. ईचा ऋण २० वा घात त्याच सरळ श्रेढीनें काढूं लागलें तर मधलें मोठ्यांत मोठें पद सुमारें ४ कोटि ३१ लक्ष येतें. त्याचे आठ अंक दशांश चिन्हाच्या डावीकडेच खर्ची पडतात. सोळांतून उरले आठ. आणि खरें उत्तर तर दशांश चिन्हानंतर नवव्या स्थळीं सुरू होतें. म्हणजे सोळा अंकांचें भारी यंत्रहि येथें आपल्या चार अंकांच्या गरीब यंत्राच्याच पंक्तीस बसतें.

मग चांगलीं यंत्रें हें काम करतात तरी कसें? त्यांची युक्ति जुन्या पिढींतील प्रत्येक मॅट्रिक झालेल्या मनुष्यास ठाऊक आहे. फक्त ती तीच आहे हें ओळखतां आलें पाहिजे. नेपियरनें १६१४ सालीं लॉगरिथम प्रसिद्ध केले, आणि ब्रिग्जनें १६२४ सालीं दहाच्या पायावरचीं मोठीं कोष्टकें छापलीं. तेव्हांपासून उलट कोष्टक पाहण्याची, म्हणजे अँटिलॉग काढण्याची, रीत एकच आहे. समजा, ३.४७७१ चा अँटिलॉग हवा आहे. आपण त्याचे दोन भाग करीत असूं: पूर्णांक ३ आणि अपूर्णांक ०.४७७१. कोष्टक पाहावयाचें तें फक्त अपूर्णांकासाठीं. पूर्णांकाचें काम एवढेंच, कीं दशांश चिन्ह तितकीं स्थळें सरकवावयाचें. यामुळें शून्य ते एक एवढ्याच पट्टीचें कोष्टक सर्व संख्यांना पुरत असे.

संगणक दोनाच्या पायावर मोजतो, म्हणून तो हीच विभागणी दोनाच्या घातांनीं करतो. ईचा कितवा घात म्हणजे २? सुमारें ०.६९३१४७१८ वा. दिलेल्या क्षमधून ही संख्या किती वेळां जाते तें प्रथम काढावयाचें, आणि उरलेल्या लहानशा बाकीचाच घात श्रेढीनें काढावयाचा. क्ष जर १० असला तर ०.६९३१४७१८ चौदा वेळां जाते आणि बाकी सुमारें ०.२९५९३९ उरते. ईचा तेवढा घात १.३४४३८९ आहे, त्यास दोनाच्या चौदाव्या घातानें, म्हणजे १६३८४ नें गुणलें कीं सुमारें २२०२६.५ हें उत्तर आलें. दोनाच्या घातानें गुणणें हें त्या यंत्रास आपल्या दशांश चिन्ह सरकवण्याइतकेंच सोपें. त्यांत एकहि अंक बिघडत नाहीं. भागाकार जवळच्या पूर्णांकाचा घेतल्यामुळें बाकी धन असो वा ऋण असो, ०.३४६६ हून मोठी कधींच होत नाहीं. एवढ्या लहान बाकीसाठीं पहिलें पद १ हेंच सर्वांत मोठें, पुढचीं भराभर लहान होतात, आणि चौदा-पंधरा पदांत सोळा अंकांचें काम भागतें. झोपाळ्याचे ते प्रचंड झोके मुळांतच नाहींसे झाले.

पण गणितांत एक दार लावलें कीं चोर दुसऱ्या दारानें येऊं पाहतो. बाकी काढणें म्हणजे वजाबाकीच नव्हे का? आतां सहा अंकांचें यंत्र घेऊं आणि क्ष ९० घेऊं. जवळचा पूर्णांक भागाकार १३०. आतां ०.६९३१४७ गुणिले १३० म्हणजे ९०.१०९११; पण यंत्र सहाच अंक ठेवतें, म्हणून ९०.१०९१. नव्वदांतून हें वजा केल्यावर बाकी उरली ऋण ०.१०९१. खरी बाकी ऋण ०.१०९१३३५ आहे. शेवटचे तीन अंक कोठें गेले? नव्वदांच्या भाराखालीं ते दडपले गेले. या चुकलेल्या बाकीवरून घात काढला तर ०.८९६६४१ येतो, यावयास हवा होता ०.८९६६११. पुढें श्रेढी कितीहि काटेकोरपणें मोजली तरी हरवलेलें परत येत नाहीं.

यावरचा तोडगा मला फार आवडतो, कारण तो अंकगणिताच्या तिसरींतल्या मुलालाहि समजेल. ०.६९३१४७१८१ ही संख्या एकदम न वापरतां तिचे दोन तुकडे करावे: एक ठोकळ तुकडा ०.६९३, आणि एक बारीक तुकडा ०.०००१४७१८१. ठोकळ तुकड्याचे अंक तीनच. त्यामुळें १३० नें गुणल्यावर ९०.०९ येतात, ते सहा अंकांत पुरेपूर मावतात आणि कांहींहि सांडत नाहीं. नव्वदांतून ते वजा केले, उरले ऋण ०.०९, अगदीं अचूक. आतां बारीक तुकडा १३० पट केला, ०.०१९१३३५ आले, तेहि वजा केले. बाकी ऋण ०.१०९१३३५. हरवलेले तिन्ही अंक सुखरूप घरीं आले! मोठ्या नोटांचा हिशेब अगोदर चुकता करावा आणि चिल्लर मागाहून मोजावी, असा हा व्यवहार आहे. कोडी आणि वेट या दोघांनीं १९८० सालीं प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांत ही रीत पद्धतशीर मांडली. यंत्रांसाठीं अशीं कामें लिहिणारे लोक आजहि तिचाच अवलंब करतात.

यापुढील कामहि सरळ श्रेढीवर सोपवीत नाहींत. श्रेढी शून्याजवळ फार अचूक आणि कांठाशीं कमी अचूक असते. सोव्हिएत गणितज्ञ रेमेझ यानें १९३४ सालीं अशी रीत दाखवली, कीं जिच्या योगानें पदांचे गुणक किंचित् बदलून ती चूक साऱ्या पट्टीवर सारखी वांटून टाकतां येते. मग थोड्या पदांत तितकेंच काम होतें. शिवाय १९८९ सालीं टँग यानें पट्टीचे बत्तीस भाग करून प्रत्येक भागाची किंमत यंत्रांत तयार ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. बाकी याहून लहान करून घ्यावयाची, तयार किंमत उचलावयाची, आणि उरलेला फरक चार-सहा पदांनीं भरून काढावयाचा. अँटिलॉगच्या पानावर उजव्या कडेला फरकाचे लहान स्तंभ असत आणि चौथ्या अंकासाठीं त्यांतला आंकडा आपण मिळवीत असूं, तें आठवतें ना? कोष्टकाचें पुस्तक शाळेंतून गेलें. पण तें नाहींसें झालें नाहीं, यंत्राच्या पोटांत जाऊन बसलें आहे.

आतां दुसऱ्या टोकाकडे वळूं. क्ष फार मोठा असला तर काय होतें तें पाहिलें. तो फार लहान असला तर? समजा, एक लक्ष रुपये दरसाल दरशेकडा ६ व्याजानें ठेवले, आणि बर्नुलीच्या प्रश्नाप्रमाणें व्याज दर सेकंदाला मुद्दलांत मिळवावयाचें आहे. वर्षाचे सेकंद ३ कोटि १५ लक्ष ३६ हजार. एका सेकंदाचें एका रुपयावरचें व्याज ०.००००००००१९०२६. त्यांत मुद्दलाचा एक मिळवावयाचा. यंत्र दहा अंकांचें असेल तर तें लिहितें १.००००००००२, कारण १ लिहिल्यावर नऊच स्थळें उरतात, आणि व्याज नवव्या स्थळीं सुरू होतें. १.९०२६ चे २ झाले, एवढीच काय ती चूक. पुढील सर्व गुणाकार अगदीं अचूक केले असें धरलें, तरी वर्षाअखेर रक्कम निघते १,०६,५१० रुपये ३५ पैसे. खरी रक्कम १,०६,१८३ रुपये ६५ पैसे. एका लक्षामागें ३२६ रुपये ७० पैशांचा फरक, आणि वहींतला एकहि गुणाकार चुकलेला नाहीं!

पैशांचें राहूं द्या. निसर्गाच्या वहींत पाहूं. रेडियम सुमारें १६०० वर्षांत निम्मा होतो. एका सेकंदांत त्याचा किती अंश नष्ट होतो? एकांतून ईचा एक सूक्ष्म ऋण घात वजा करावा, असें सूत्र सांगतें. दहा अंकांच्या यंत्रांत तो घात बरोबर एक येतो. एकांतून एक गेला, बाकी शून्य. यंत्राच्या मतें कांहींच घडलें नाहीं. प्रत्यक्षांत एक ग्रॅम रेडियममध्यें त्या एका सेकंदांत साडेतीन हजार कोटींहून अधिक अणु फुटलेले असतात.

येथें दोष कोणाचा? ज्या ‘एका’ची आपल्याला गरजच नव्हती, त्याला पाटावर बसवण्यांत सारीं स्थळें खर्च झालीं. आपल्याला हवी होती ती केवळ वाढ किंवा घट. श्रेढींतील पहिलें पद १ गाळून क्षपासूनच बेरीज सुरू केली तर ती वाढ आपल्या सर्व अंकांनिशीं मिळते. म्हणून चांगल्या यंत्रांत ‘ईचा घात उणे एक’ अशी निराळी आज्ञाच ठेवलेली असते. १९७९ सालच्या एच्. पी. ४१ सी या हातांतल्या यंत्रांत ती होती, आणि १९९९ च्या प्रमाणांत सी या संगणकभाषेनेंहि ती स्वीकारली. अपरिचित मनुष्यास ती निरर्थक वाटते. घात काढावा आणि एक वजा करावा, त्यासाठीं वेगळी आज्ञा कशाला? ती कशाला, हें आतां आपणांस सांगावयास नको.

अंकांप्रमाणें आवांक्यालाहि मर्यादा आहे. नेहमींच्या संगणकांत क्ष ७०९.७८ च्या पुढें गेला कीं घात यंत्राच्या आवांक्याबाहेर जातो, आणि यंत्र ‘अनंत’ असें उत्तर देऊन मोकळें होतें. आज ज्या यंत्रांशीं लोक लिहून संभाषण करतात, त्यांत पुढचा शब्द निवडतांना निरनिराळ्या शब्दांना गुण देऊन त्या गुणांचे ईचे घात घेतात आणि कोणाचा वांटा किती तें ठरवतात. दोन शब्दांचे गुण १००० आणि ९९९ असले तर? अनंत भागिले अनंत, उत्तर नाहीं. पण दोन्हीं गुणांतून अगोदर १००० वजा केले तर उरतात ० आणि ऋण १. वांटे येतात ०.७३ आणि ०.२७. प्रमाण तेंच, हिशेब मात्र सुरक्षित. पुन्हां तेंच तत्त्व: सूत्राला जें सारखें, तें यंत्राला सारखें नसतें.

शेवटीं एक सूक्ष्म प्रश्न उरतो. एवढें सर्व करूनहि शेवटचा अंक नक्की बरोबर आहे, असें छातीवर हात ठेवून सांगतां येईल काय? बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि वर्गमूळ यांविषयीं १९८५ च्या प्रमाणानें तशी सक्ति केली. ईच्या घाताविषयीं केली नाहीं. कारण मोठें चमत्कारिक आहे. १६३ च्या वर्गमूळास वर्तुळाच्या पाय या संख्येनें गुणावें आणि ईचा तितका घात काढावा. वीस-पंचवीस अंकांपर्यंत मोजलें तर उत्तर अगदीं पूर्णांक दिसतें: २६२५३७४१२६४०७६८७४४. पण तें पूर्णांक नाहीं. खरी किंमत शेवटीं ७४३ असून दशांश चिन्हापुढें ओळीनें बारा नव्वे आहेत, आणि त्यानंतर २५ येतात. पूर्ण भाग ७४३ लिहावा कीं ७४४, हें ठरवण्यासाठीं तीस अंकांच्या पलीकडे जावें लागतें. एकोणतिसाव्या अंकावर थांबलेला मनुष्य चुकतो. कोष्टकें करणाऱ्यास हा पेंच नेहमींच पडतो: आणखी किती अंक मोजले म्हणजे शेवटचा अंक ठरेल? लिंडेमनच्या १८८२ च्या सिद्धांतावरून एवढें निश्चित आहे, कीं यंत्रांत मावणाऱ्या कोणत्याहि शून्येतर क्षसाठीं उत्तर बरोबर मध्यावर कधींच पडणार नाहीं, म्हणून निकाल केव्हां तरी लागेलच. पण केव्हां, तें आधीं कळत नाहीं. १९९१ सालीं झिव्ह यानें व्यवहारी मार्ग सुचवला. थोडे जास्त अंक मोजावे. संशय उरला तरच आणखी मोजावे. पुन्हां उरला तर पुन्हां. संशय क्वचितच उरतो, त्यामुळें सरासरी श्रम थोडे पडतात. पुढें फ्रान्समध्यें लिआँ येथील संशोधकांनीं सर्वांत अवघड क्ष कोणते तें हुडकून काढलें, आणि शेवटचा अंकहि हमखास बरोबर देणारा आज्ञासंग्रह तयार केला.

हा केवळ पंडितांचा हट्ट नव्हे. जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेच्या मोठ्या वर्तुळाकार यंत्रांत कणांचे झोत स्थिर राहतील कीं नाहीं, तें आधीं गणितानें पाहावयाचें होतें. त्यासाठीं २००४ सालीं संस्थेनें जगभरच्या लोकांचे घरगुती संगणक मदतीस घेतले. एक काम दोघांकडे धाडावयाचें आणि उत्तरें जुळलीं तरच मान्य करावयाचीं, असा नियम होता. पण उत्तरें जुळेनात! कोणाचेंहि यंत्र बिघडलेलें नव्हतें. निरनिराळ्या संगणकांतील ईचा घात आणि लॉगरिथम शेवटच्या एका अंकांत भिन्न येत. आणि कण लक्षावधि फेरे घालीत असल्यामुळें त्या एका अंकाचा पुढें डोंगर होई. लिआँचा तो आज्ञासंग्रह बसवल्यावर सर्व यंत्रें एका मुखानें बोलूं लागलीं. दोन प्रामाणिक साक्षीदार जुळावे, यासाठीं शेवटचा अंकहि महत्त्वाचा ठरला.

श्रोतेहो, यांतून आपण घरीं काय न्यावें? यंत्रावर अविश्वास ठेवा असें माझें म्हणणें नाहीं. ज्यांनीं ही कळ तयार केली त्यांनीं आपल्यासाठीं केवढी काळजी घेतली आहे, तें आपण पाहिलेंच. पण कळा जोडून जो हिशेब आपण स्वतः रचतों, त्याची काळजी आपणच घ्यावयाची असते. पडद्यावर दहा अंक दिसले म्हणजे दहाहि खरे, असें समजूं नये. दोन मोठ्या आणि जवळजवळ सारख्या संख्यांची वजाबाकी दिसली कीं क्षणभर थांबावें. नुसती वाढ हवी असेल तर मुद्दल मध्यें आणूं नये. आणि प्रसंग महत्त्वाचा असेल तर तोच हिशेब दुसऱ्या वाटेनें करून पाहावा. दोन्हीं वाटा एकाच गांवीं पोंचल्या तरच निर्धास्त व्हावें. शाळेंत ताळा करून पाहण्याची शिस्त मुलांना लावीत असत, तिचें मोल यंत्रामुळें कमी झालेलें नाहीं. सूत्र खरें आहे हें जाणणें ही विद्या झाली. तें कोणत्या क्रमानें मोजावें हें जाणणें हा विवेक होय.